बातम्यांचा उपास

चांदणी चौक मागे पडला की भूगाव, भुकूम, पिरंगुट अशी गर्दीची गावे संपता संपत नाहीत. पौड ओलांडल्यावर मात्र डोंगर जवळ येतात, भातखाचरे दिसू लागतात आणि मोबाइलच्या कोपऱ्यातल्या रेघा एकेक करून गळायला लागतात. मुळशी धरणाच्या पुढे ताम्हिणीकडे जाताना तर कित्येक वळणांवर फोन मुका होतो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पुण्याहून आलेल्या गाड्या इथे रांगेने उभ्या असतात. समोर धबधबा असतो आणि गाडीतून उतरलेली दोन-चार माणसे हात वर करून रेंज शोधत असतात.

त्यांतलेच एक गृहस्थ. वय साधारण बासष्ट, खासगी कंपनीतून निवृत्त, मुलगा परदेशात, पत्नी शिक्षिका होती. हे गृहस्थ म्हणजे कुणी एक व्यक्ती नव्हे. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात अलीकडे अशी माणसे इतकी दिसतात, की त्यांच्या तक्रारी जोडून एकच माणूस उभा करता येतो. छातीत धडधडते, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, पित्त वाढलेले, रक्तदाब कधी १५० तर कधी १३०. ईसीजी व्यवस्थित, साखर ठीक, थायरॉइडही ठीक. ‘काही टेन्शन आहे का?’ या प्रश्नावर गृहस्थ ठामपणे ‘नाही’ म्हणतात. मग शेजारच्या खुर्चीवरून उत्तर येते, ‘‘अहो डॉक्टर, यांना घरचं काही टेन्शन नाही. यांना युक्रेनचं आहे, अमेरिकेचं आहे, शेअर बाजाराचं आहे. रात्री मुतायला उठले तरी आधी फोन बघतात.’’

खोलीत हशा पिकतो. पण हा प्रकार हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही.

सात वाजताच्या बातम्या संपायच्या

आज पन्नाशी-साठीत असलेल्यांना आठवत असेल, की बातम्यांना पूर्वी वेळ होती आणि त्या वेळेला शेवटही होता. सकाळी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या चहाबरोबर व्हायच्या. दारात वर्तमानपत्र पडायचे. संध्याकाळी सातला दूरदर्शनवर मराठी बातम्या लागायच्या. निवेदक नमस्कार करायचे आणि घर पुढच्या कामाला लागायचे. जगात तेव्हाही युद्धे चालू होती, पूर येत होते, महागाई होती. पण त्या सगळ्याला दिवसातली तासाभराचीच जागा मिळत असे.

२००७ पासून मराठीत चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या आल्या. त्यानंतर काही वर्षांतच स्मार्टफोन आणि स्वस्त डेटा आला. आता बातमी आपल्याकडे येत नाही, ती आपल्याबरोबर राहते. उशाशी झोपते, शौचालयात येते, सिग्नलला गाडी थांबली की खिशातून बाहेर पडते. बोटाने पडदा वर सरकवत जावे तर खाली तळ लागतच नाही. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, या एका गोष्टीसाठी त्याचे आभार मानावेत. (बातम्या कमी करा, हे वर्तमानपत्रातच वाचावे लागते यातला विनोद वाचकांच्या लक्षात आलाच असेल.)

आणि हे सगळे बहुधा वाईटच का असते? त्यात पत्रकारांचा दोष आहे, पण सगळा त्यांचा नाही. आपला मेंदूच तसा घडलेला आहे. जंगलात राहणाऱ्या पूर्वजाने पिकलेले फळ पाहायचे चुकवले तर त्याचा एक घास चुकत असे. वाघाची चाहूल चुकवली तर मात्र तोच संपत असे. त्यामुळे धोक्याची खबर आधी टिपणारी माणसे टिकली आणि आपण त्यांचीच लेकरे आहोत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७ देशांतल्या हजारावर लोकांना बातम्यांच्या चित्रफिती दाखवून त्यांच्या हृदयाचे ठोके आणि त्वचेतला घाम मोजला. सरासरीने पाहता वाईट बातमीला शरीर जास्त प्रतिसाद देते, असे दिसले. माणसामाणसांत फरक मोठा होता, पण एकूण कल स्पष्ट होता.

हा कल बाजाराने अचूक हेरला आहे. एका संकेतस्थळाने एकाच मजकुराला वेगवेगळे मथळे देऊन कोणता जास्त चालतो ते पाहिले होते. अशा लाखाहून अधिक मथळ्यांचा अभ्यास २०२३ मध्ये ‘नेचर ह्युमन बिहेविअर’ या नियतकालिकात आला. मथळ्यातल्या प्रत्येक जादा नकारात्मक शब्दामागे त्यावर क्लिक होण्याचे प्रमाण सुमारे २.३ टक्क्यांनी वाढत होते. हा आकडा लहान वाटतो. पण रोज कोट्यवधी क्लिकचा हिशेब ठेवणाऱ्याच्या दृष्टीने तो लहान नाही. ‘खळबळ’, ‘हादरा’, ‘धक्कादायक’ हे शब्द पडद्यावर का तरंगत असतात, याचे उत्तर तिथे आहे.

शरीराला दूरचे-जवळचे कळत नाही

मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एकेक भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. धोका दिसला की तो घंटा वाजवतो. ती ऐकून मेंदूतले हायपोथॅलॅमस मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींना निरोप धाडते आणि रक्तात अॅड्रिनालिन व कॉर्टिसॉल येते. हृदय जोरात चालते, रक्तदाब वाढतो, यकृत साखर सोडते, पचन थंडावते, झोप उडते. पळायचे किंवा लढायचे असेल तर ही तयारी अत्यंत उपयोगाची आहे. गोठ्यात साप निघाला की शेतकऱ्याच्या शरीरात हेच घडते. तो काठी घेतो, साप मारतो किंवा सर्पमित्राला बोलावतो, प्रसंग संपतो. अर्ध्या-पाऊण तासात शरीर पूर्वपदावर येते.

पडद्यावरचा साप मात्र मरत नाही. हजारो किलोमीटरवर पडलेला बॉम्ब आपण पलंगावर पडून पाहतो. घंटा वाजते, रसायने सुटतात, पण पळायला जागा नाही आणि लढायला शत्रू नाही. मग दुसरी बातमी येते, मग तिसरी. कॉर्टिसॉलचा एक दैनंदिन क्रम असतो. ते पहाटे-सकाळी वाढते आणि रात्री उतरते. रात्री अकराला युद्धाची चर्चा पाहणारा माणूस नेमक्या त्या उताराच्या वेळी शरीराला जागे करत असतो. पहाटे तीनला दचकून उठणाऱ्या आपल्या गृहस्थांना झोपेची गोळी लिहून देणे सोपे असते. अनेकदा तसेच होतेही, कारण सरकारी ओपीडीत एका रुग्णाला मिळणारी मिनिटे बोटांवर मोजण्याइतकी असतात आणि ‘झोपताना काय पाहता?’ हा प्रश्न कुठल्याच केसपेपरवर छापलेला नसतो.

या विषयावरचा सर्वांत बोलका अभ्यास अमेरिकेतला आहे. १५ एप्रिल २०१३ रोजी बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर दोन ते चार आठवड्यांत कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी साडेचार हजारांहून अधिक लोकांच्या मनावरचा ताण मोजला. त्यांतले काही जण प्रत्यक्ष घटनास्थळी किंवा जवळपास होते. काहींनी ती घटना फक्त टीव्ही, रेडिओ आणि इंटरनेटवर अनुभवली होती. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ त्याच बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणे घटनेच्या जागी असलेल्यांपेक्षाही अधिक आढळली. याचा अर्थ टीव्ही पाहणे स्फोटापेक्षा वाईट, असा नाही. मुळातच घाबरलेली माणसे जास्त वेळ पाहत बसत असतील, हीही शक्यता आहे. पण एकच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवले की मेंदू ते पुन्हा पुन्हा घडल्यासारखे धरतो, याकडे हा अभ्यास बोट दाखवतो. २६ नोव्हेंबर २००८ नंतरचे ते तीन दिवस ज्यांनी टीव्हीसमोरून न उठता काढले, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. ताजच्या घुमटातून निघणारा धूर त्यांनी एकदा नव्हे, शेकडो वेळा पाहिला आहे.

आणखी एक जुना प्रयोग ब्रिटनमधला, १९९७ सालचा. तीन गटांना चौदा मिनिटांचे बातमीपत्र दाखवले. एका गटाला वाईट बातम्या, दुसऱ्याला चांगल्या, तिसऱ्याला ना धड वाईट ना चांगल्या. वाईट बातम्या पाहिलेला गट जास्त खिन्न आणि चिंतित झाला. यात नवल नाही. नवल पुढे आहे. त्यांना त्यांच्या स्वतःच्या खासगी काळज्यांविषयी बोलायला लावले, तेव्हा त्या काळज्याही त्यांना अधिक भयंकर वाटू लागल्या होत्या. बातम्यांचा त्या काळजीशी काही संबंध नव्हता. घरातला हप्ता, मुलीचे लग्न, गुडघ्याचे दुखणे ही आपली नेहमीची ओझी वाईट बातमीनंतर जड होतात, ती अशी. गृहस्थांना ‘घरचं काही टेन्शन नाही’ हे खरे असेलही. पण मुलाचा फोन एक दिवस आला नाही की ते रात्रभर तळमळतात, ते का, हे यातून थोडे कळते.

२०२२ मध्ये अमेरिकेतल्या ११०० प्रौढांच्या पाहणीत सुमारे साडेसोळा टक्के लोकांचे बातम्या पाहणे गंभीर म्हणावे इतके बिघडलेले आढळले. बातम्यांतून डोके बाहेर काढता येत नाही, घरच्यांशी बोलताना लक्ष नाही, कामात मन नाही, अशी त्यांची अवस्था. त्यांच्यात मानसिक आणि शारीरिक तक्रारींचे प्रमाणही इतरांपेक्षा कितीतरी जास्त होते. ‘बातम्यांचे व्यसन’ हा अजून वैद्यकशास्त्रातला अधिकृत आजार नाही आणि लगेच तसे लेबल लावण्याची घाईही नको. पण ‘आता बास’ म्हणूनही बास न होणे ही खूण दारूची असो, तंबाखूची असो किंवा बातम्यांची, सारखीच दिसते.

मुळशीतली एक जुनी बातमी

बातमी हीच वाईट, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. तो काढायचा तर निदान मुळशीत बसून काढू नये.

ज्या जलाशयाकाठी आज सुट्टीची घरे उभी आहेत, त्याच्या पाण्याखाली मावळ्यांची गावे आहेत. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी मुळा नदीवर धरण बांधायला घेतले, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट या लढ्याचे सेनापती झाले आणि पुढे ‘सेनापती’ हेच त्यांच्या नावाचा भाग झाले. त्या काळी पुण्यातल्या वाचकाला मुळशीची बातमी कळायला वेळ लागे. पण कळली की तिच्यामागे काहीतरी करण्याजोगे असे. सभेला जाता येई, वर्गणी देता येई, आणि काही जण चालत मावळात जाऊन तुरुंगातही गेले. धरण झाले, लढा हरला. तरी बातमी आणि माणसाचे हातपाय यांच्यामध्ये तेव्हा एक धागा होता.

नील पोस्टमन या अमेरिकी अभ्यासकाने १९८५ च्या आपल्या पुस्तकात हाच धागा तुटल्याची तक्रार केली होती. तारायंत्र आले तेव्हापासून माणसाला मिळणारी माहिती वाढत गेली आणि त्या माहितीवर काही करता येण्याची शक्यता घटत गेली, असे त्याचे म्हणणे. सकाळी वाचलेल्या किती बातम्यांमुळे आज तुमचा एखादा बेत बदलला, हा त्याचा प्रश्न आजही कोंडीत पकडतो. वैद्यकीयदृष्ट्याही तो मोलाचा आहे, कारण ताण सर्वांत जास्त पोखरतो तो ‘माझ्या हाती काही नाही’ या भावनेतून.

उलट उदाहरणही याच तालुक्यातले आहे. ७ जून २०२१ रोजी उरवडे इथल्या रसायनांच्या एका कारखान्याला आग लागली आणि अनेक कामगार गेले, त्यांत बहुतेक महिला. दोन दिवस सगळ्या वाहिन्या तिथे होत्या. नंतर दुसरी खळबळ आली आणि कॅमेरे निघून गेले. पिरंगुटच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाने खरे तर याच बातमीचा पाठपुरावा करायला हवा. चौकशीत काय निघाले, शेजारच्या कारखान्याला आपत्कालीन दार आहे का, हे विचारायला हवे. ते करता येण्याजोगे आहे. पण ज्याचा दिवस दहा देशांच्या भानगडींत जातो, त्याच्यापाशी आपल्या गावच्या कारखान्याचे दार मोजायला उसंत उरत नाही.

आणि पावसाळ्यातले काय? २५ जुलै २०२४ च्या सकाळी ताम्हिणीत चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरे बुडाली. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर ज्या शहराने सोसला आहे, त्याला धरणाची बातमी ऐकू नका, असे कोण सांगेल? धरणातून किती पाणी सोडणार ही बातमी मुळेच्या काठच्या माणसाला औषधासारखी आहे. औषध मात्र वेळेला आणि मात्रेत घ्यायचे असते. विसर्गाचा आकडा एकदा कळला की पुरे. त्याच पुराचे ड्रोनवरून काढलेले दृश्य संगीत लावून पंचविसाव्यांदा पाहण्याने कुणाच्याही घरात पाणी शिरायचे थांबत नाही.

खोटी बातमी तर औषध नव्हेच. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. भिक्षा मागत फिरणारी ती माणसे होती. मुले पळवली जात असल्याच्या अफवा त्या काळात मोबाइलवरून देशभर फिरत होत्या. त्यानंतर काही आठवड्यांत व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. घाबरलेला माणूस आधी पुढे पाठवतो आणि मग विचार करतो. काही वेळा करतही नाही. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदराविषयी जे छातीठोकपणे सांगितले, ते पुढे खरे ठरले नाही. त्याच दिवसांत केंद्र सरकारला वाहिन्यांना सांगावे लागले, की कार्यक्रमांत हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजवू नका. रोज स्टुडिओत भोंगा ऐकणाऱ्या माणसाला खरा भोंगा ओळखू येणार नाही, ही त्यामागची काळजी होती. अमिग्डालाविषयी इतके नेमके विधान सरकारी पत्रकात क्वचितच सापडते.

वडगावचा भोंगा

भोंग्याचा दुसरा उपयोग सांगली जिल्ह्याने दाखवला. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर गेल्या आणि शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातचा मोबाइल सुटेना. मोठ्यांचेही तेच, त्यात टीव्हीची भर. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २०२२ पासून गावाने ठरवले, की रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठला पुन्हा वाजेपर्यंत गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील. सुरुवातीला लोक हसले. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन सांगू लागले. मुले अभ्यासाला बसू लागली, माणसे ओट्यावर येऊन एकमेकांशी बोलू लागली. बाहेरच्या जगातले पत्रकार ते पाहायला गावात आले. एकेकाळी ज्या सात वाजता अख्खा महाराष्ट्र बातम्या लावायचा, त्याच सात वाजता एका गावाने त्या बंद करायला घेतल्या.

वडगावचे यश कशात आहे हे ओळखायला हवे. ते दीड तासात नाही, सगळ्यांनी मिळून करण्यात आहे. एकट्याने फोन ठेवला आणि समोरचे तिघे त्यात बुडालेले असले की हात आपोआप खिशात जातो. उपासाला घरात सगळ्यांचा असला की साबुदाणा शिजतो, एकट्याचा असला की डब्यातली चिवड्याची पुडी खुणावते. तसेच हे.

दुसऱ्या टोकाला इगतपुरीच्या धम्मगिरीतली विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे आहेत. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतल्या या शिबिरांत फोन जमा करतात आणि वाचन-लेखन-बोलणे बंद असते. कुणाला ते मानवते, कुणाला नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकडे जाऊ नये. मुळशीच्या पाण्याकाठीही आता मोबाइलमुक्तीच्या सहली मिळतात. त्यांचे दर पाहिले की सर्वसामान्यांचा रक्तदाब वेगळ्या कारणाने वाढेल. रेंज नसलेल्या नातेवाइकाच्या घरी चार दिवस राहिले तरी काम भागते.

बातम्यांपासून दूर राहिल्याने माणूस सुखी होतो, याला पुरावा काय? नेमका बातम्यांचाच विचार करणारे चांगले प्रयोग थोडे आहेत. जवळचा एक सांगता येतो. २०१८ च्या अमेरिकी निवडणुकांआधी संशोधकांनी काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. त्यांच्या दिवसातला सरासरी तासभर मोकळा झाला. तो त्यांनी घरच्यांबरोबर आणि मित्रांबरोबर घालवला, आणि काही प्रमाणात टीव्ही पाहण्यातही. त्यांचे समाधान थोडे वाढले, खिन्नता थोडी कमी झाली, राजकीय कडवटपणा उतरला. ताज्या घडामोडींचे ज्ञान मात्र घटले. परिणाम माफक होता. ‘फोन सोडा आणि आयुष्य बदला’ असे सांगणाऱ्यांनी हे ‘माफक’ लक्षात ठेवावे. आणि ज्ञान घटले, हेही. मतदान करणाऱ्याने, बाजारभाव पाहून कांदा काढणाऱ्याने, ज्याचे नातलग युद्धाच्या प्रदेशात आहेत त्याने बातम्या टाकून देणे परवडणारे नाही. ‘मी बातम्या पाहतच नाही’ असे अभिमानाने सांगणे ही पोट भरलेल्यांची चैनही असू शकते. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या पाहणीत बातम्या टाळणाऱ्यांचे प्रमाण २०१७ मध्ये २९ टक्के होते, २०२५ मध्ये ते ४० टक्क्यांवर गेले. लोकशाहीच्या दृष्टीने ही काही आनंदाची गोष्ट नव्हे. बातम्या सोडायच्या नाहीत, त्यांचा रतीब बंद करून त्या जेवणाच्या वेळेवर आणायच्या आहेत.

चार दिवस

आपल्या गृहस्थांकडे परत येऊ. त्यांच्या मावसभावाची शेती मुळशी धरणाच्या खालच्या अंगाला, मुळेच्या काठी. डोंगराच्या कुशीत घर असल्याने रेंज येते ती फक्त गोठ्यामागच्या आंब्याखाली. जुलैत इंद्रायणी भाताची लावणी चालू असताना गृहस्थ तिथे चार दिवस राहायला गेले. पहिल्या दिवशी आंब्याखाली सतरा खेपा झाल्या. पावसात भिजले, पत्नीची बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी हात उगाच खिशाकडे जात राहिला आणि चिडचिड झाली. हे अपेक्षितच आहे. ज्या सवयीला कधी बक्षीस मिळते आणि कधी मिळत नाही, ती सुटायला सर्वांत चिवट असते. पन्नासदा पडदा पाहिल्यावर एकदा काहीतरी खरेच मोठे सापडते, आणि मेंदू त्या एकासाठी एक्कावन्नाव्यांदा पाहतो. तिसऱ्या रात्री ते पहाटे पाचपर्यंत सलग झोपले.

घरी परतल्यावर काय, हा खरा प्रश्न. कारण आपल्याकडे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच नाही. चार दिवसांचे साचलेले पाहायला बसले तर सगळे मुसळ केरात. म्हणून डॉक्टरांनी एखाद्या पथ्यासारखे सांगितले तर जमते. फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावावा आणि उठण्यासाठी गजराचे साधे घड्याळ आणावे. ‘फोनमध्ये गजर आहे’ ही सगळ्यांत लोकप्रिय सबब आहे. बातम्यांच्या अॅपचे टिंगटिंग बंद करावे, आणि हवामानाचे व आपत्तीचे इशारे तेवढे चालू ठेवावेत. सकाळी वर्तमानपत्र आणि संध्याकाळी एक बातमीपत्र, मध्ये काही नाही, झोपण्याआधीचे दोन तास तर नाहीच. मोठी घटना घडत असताना ‘लाइव्ह’ पाहण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी वाचावे. पहिल्या तासातली निम्मी माहिती बहुधा दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालेली असते. घरातल्या एखाद्या बातमीने फारच अस्वस्थ केले तर तिच्याविषयी करता येण्याजोगी एक गोष्ट करावी, मग ती पुरग्रस्तांना पाठवलेली चादर असो की ग्रामपंचायतीला लिहिलेला अर्ज. आणि नातवंडांसमोर पाहू नये. त्यांना बातमी कळत नाही, आजोबांचा चेहरा कळतो.

एक गोष्ट विसरू नये. छातीत दुखणे, धाप लागणे, वजन घटणे, सततची धडधड यांचे खापर बातम्यांवर फोडण्याआधी तपासणी झालीच पाहिजे. गृहस्थांचा ईसीजी आधी काढला, तो यासाठीच. आणि फोन दूर ठेवूनही दोन-तीन आठवडे झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल तर ते नैराश्य असू शकते. त्याला पथ्य पुरत नाही, उपचार लागतात. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची सोय असते आणि ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत सेवा मराठीतही बोलते.

गृहस्थ तिथे असतानाच्या चौथ्या दिवशी दुपारी मावसभाऊ आंब्याखाली गेला. दिवसातून एकदा तो जातोच, जेवण झाल्यावर, हात धुऊन. धरणातून पाणी सोडणार असल्याचा निरोप आला होता, नदीकाठच्या मोटारी काढून घ्याव्यात असा. ‘‘दादा, येता का जरा हात लावायला?’’ त्याने हाक मारली. दोघे छत्री घेऊन उतरले, चिखलातून मोटार ओढून वरच्या बांधावर आणली, पाइप गुंडाळून ठेवले. परत आले तेव्हा दोघांचे कपडे ओले होते आणि चुलीवर चहा उकळत होता. ‘‘किती सोडणार आहेत पाणी?’’ गृहस्थांनी विचारले. मावसभावाने आकडा सांगितला आणि फोन कोनाड्यात ठेवून दिला.